कबरस्तान कुणाच्या नावावर असतं?

2025 च्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्ट्या लागल्यावर, माझा धाकटा चुलत भाऊ एक फाइल घेऊन घरी आला. चहा झाला, मुलांच्या परीक्षांची चौकशी झाली. मग त्याने फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "आपा, बस दो दस्तखत."

कामरगाव माझं माहेर. वाशिम जिल्हा, कारंजा तालुका. गावाबाहेर आमच्या घराण्याचं वडिलोपार्जित शेत आहे. काळी जमीन, पूर्वी कापूस, आता सोयाबीन आणि त्यात तुरीचे तास. अब्बांच्या इंतकालनंतर वारसांची नावं चढली तेव्हा भावांबरोबर आम्हा बहिणींचीही चढली. शरीयतने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिलेला आहे. बहुतेक घरांत हा वाटा सहीपुरता असतो: मुलगी माहेरी येते, हक्कसोडीच्या कागदावर सही करते आणि डबा भरून परत जाते. माझीही तयारी तशीच होती. शेत विकायचं ठरलं होतं, गिऱ्हाईक ठरलं होतं. भावाच्या डोक्यावर कर्ज आहे, मुलीचं लग्न तोंडावर आहे, सोयाबीनच्या भावाने दोन वर्षं दगा दिलेला आहे. त्याला मी खलनायक ठरवणार नाही.

मी फक्त एवढंच विचारलं, "और कबरस्तान?"

त्या शेताच्या एका कोपऱ्यात आमचं खानदानी कबरस्तान आहे. घरात त्याला 'अपना कबरस्तान' म्हणतात. अब्बा तिथे आहेत. दादा-दादी आहेत. माझा एक भाऊ अकरा महिन्यांचा होऊन गेला, तोही तिथेच आहे.

भाऊ म्हणाला, "वो तो किसी के नाम पे नहीं है आपा. कागद पे तो पूरा खेत ही है. लेनेवाला बोला है, कबरों को हाथ नहीं लगाएगा."

मी सही केली नाही. फाइल एक रात्र ठेवून घेतली. हा लेख त्या रात्रीपासून सुरू होतो.

मी बी.एड. केलं ते उर्दू आणि मराठी या दोन विषयांत. गेली अनेक वर्षं उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते आहे. पण स्वतःच्या घरचा सातबारा मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. क्षेत्र, आकारणी, खातेदारांची नावं, कंसात गेलेली नावं. अब्बांच्या नावापुढे 'मयत'. आणि क्षेत्राच्या रकान्यात खाली बारीक अक्षरात: पोटखराब, वर्ग ब, 0.20.

दुसऱ्या दिवशी भावाला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, मुरमाड जागा असेल, नाल्याची असेल, प्रत्येक शेतात असते थोडी. त्याचं अर्धं बरोबर होतं. पोटखराब म्हणजे शेतातली लागवडीखाली नसलेली जागा. पण तिचे दोन वर्ग आहेत. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ जागा, खळं, शेतातलं घर अशी. ती सुधारली तर लागवडीखाली आणता येते. वर्ग 'ब' वेगळा. रस्ता, लोकांचा पाणवठा, सार्वजनिक उपयोग किंवा दफन-दहनाची जागा यांसाठी वापरात असल्यामुळे जिच्यावर आकारणीच होत नाही, अशी जमीन 'ब' मध्ये जाते. 0.20 म्हणजे वीस आर, साधारण अर्धा एकर. आमच्या शेतातून सार्वजनिक रस्ता जात नाही आणि पाणवठाही नाही. मग ही अर्धा एकर कशाची?

कबरस्तान कागदावर होतं. पिढ्यान्‌पिढ्या होतं. आमच्या घरात ते कुणाला वाचता आलं नव्हतं, इतकंच.

पुढे दोन महिने मी त्या एका 'ब' च्या मागे फिरले. जुन्या नकला काढल्या. एका कार्यालयात तीन वेळा परत पाठवलं, चौथ्या वेळी मिळाल्या. आजच्या गट नंबरचा जुना सर्व्हे नंबर शोधला. वऱ्हाड 1853 च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेला, नाव मात्र निजामाचंच राहिलं. त्यानंतर 1860 च्या दशकापासून इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली आणि शेतांना नंबर पडले. त्या जुन्या नोंदींच्या एका उताऱ्यावर आमच्या नंबरपुढे मोडीत एक शेरा होता. मला मोडी येत नाही. एका निवृत्त गुरुजींना येते, त्यांच्या आजोबांनी शिकवलेली. त्यांनी चष्मा वर सरकवला, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "मॅडम, एकच शब्द आहे. थडगी."

या एका शब्दाने आमच्या मयतांना जेवढी साक्ष दिली, तेवढी आम्ही सगळ्या वारसांनी मिळून दिली नव्हती.

मग मी कबरस्तानात गेले. आमच्या गावात बायका कबरस्तानात जात नाहीत. शब-ए-बरातला पुरुष अगरबत्ती-फुलं घेऊन जातात, आम्ही घरी फातेहा देतो. हदीसमध्ये आधी मनाई आणि नंतर जियारतीची परवानगी असे दोन्ही उल्लेख आहेत, उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्या वादात मी इथे जात नाही. मी गेले ते मोजणी होती म्हणून. हातात नकाशाची प्रत होती आणि डोक्यावर ओढणी.

चार कडुनिंब, बोरीची झुडपं, एका बाजूला मोडकं कुंपण. कबरी म्हणाव्यात असे उंचवटे सोळा-सतरा. बाकी जमीन सपाट. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. अशा मातीत बगली कबर टिकत नाही, कड ढासळते. म्हणून संदूकी कबर खणतात, वर तख्ते टाकतात. तख्ते कुजले की कबर बसते. एक-दोन पावसाळे कुणी माती टाकायला गेलं नाही की उंचवटा जातो. तिसऱ्या पिढीला तिथे नुसतं गवत दिसतं. दादीची कबर कुठली, हे माझ्या दोन्ही भावांना सांगता आलं नाही. एक म्हणाला या लिंबाखाली, दुसरा म्हणाला त्या.

सांगितलं ते शेजारच्या शेताच्या काकांनी. वय ऐंशीच्या पुढे. आमच्या घराण्याशी त्यांचा संबंध धुऱ्याला धुरा लागून असण्याचा. ते काठी टेकत आले, एका जागी थांबले आणि म्हणाले, "पोरी, तुह्या दादीले इथं आणलं होतं. मी होतो तवा. अन हा धुरा माह्या बापानं नाही मोडला, म्या नाही मोडला. वखर इथून वळवूनच नेला."

एका हिंदू कास्तकाराने दोन पिढ्या वखर वळवून आमचं कबरस्तान राखलं, आणि आम्ही ते शेताबरोबर विकायला निघालो होतो. मला तिथे उभं राहवेना.

तिथे तीन दगड सापडले. दोन कोरे. तिसऱ्यावर दोन ओळी, झिजलेल्या, नस्तालीक वळणाच्या. माझा भाचा सोबत होता. मराठी माध्यमात दहावी झालेला, हुशार मुलगा. त्याला अक्षर लागेना. मी वाचलं: एक नाव, त्यापुढे वल्द, आणि 1312 हिजरी. म्हणजे 1894-95. माझ्या परदादांच्या वडिलांचं नाव होतं ते. आमच्या घरात कुणालाही ते माहीत नव्हतं.

आता बघा काय झालं आहे. आमच्या घरची उर्दू शिकलेली पिढी सातबारा वाचू शकत नाही. मराठी शिकलेली पिढी कबरीचा दगड वाचू शकत नाही. मोडी कुणालाच येत नाही. एका अर्ध्या एकराचा इतिहास तीन लिप्यांमध्ये वाटला गेला आणि तिन्ही वाचणारा माणूस एकाच छताखाली उरला नाही. अशा वेळी "कागदावर काही नाही" हे वाक्य जन्माला येतं. ते खोटं असतं असं नाही. ते न वाचता बोललेलं असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मी सातबाऱ्याच्या झेरॉक्स वर्गात नेल्या. नववीची मुलं. म्हटलं, यातले ओळखीचे शब्द शोधा. त्यांना वाटलं सरकारी मराठी म्हणजे डोक्यावरून जाणार. पाच मिनिटांत फळा भरला: मालक, कब्जा, हक्क, वारस, मयत, दाखला, नक्कल, अर्ज, तारीख, हद्द. एका मुलीने विचारलं, "टीचर, ये तो सब अपनेच लफ्ज हैं?" हो, आपलेच, आणि मराठीचेही. वऱ्हाडात शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात, तो फारसी काश्तकार. फक्त अर्थ कधी सरकतो. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. 'हरकत नसल्यास' वाचून एक मुलगा म्हणाला, म्हणजे माणूस हलत नसेल तर? वर्ग हसला. पण या हसण्यातून त्यांना कळलं की तहसीलच्या कागदाला घाबरण्यासारखं काही नाही. मयत हा शब्द तर दोघांचाही. तलाठ्याच्या वहीत रामभाऊही मयत होतात आणि रहीमभाईही.

आमच्या घराच्या गोष्टीकडे परत येते, कारण पुढचा भाग कागदाने नाही, माणसांनी सांगितला.

माझी फुफ्फी अजून आहे. नव्वदीच्या आसपास. डोळे गेलेत, आठवण शाबूत. तिला मी दगडावरचं नाव सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग तिच्या सासूकडून नव्हे, आईकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. 1918 च्या साथीची. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणायचे. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात माणसं अक्षरशः कापून काढली. हिंदुस्थानातल्या सर्वाधिक मार बसलेल्या प्रांतांपैकी हा एक. गावोगाव तिरडी उचलायला खांदे मिळेनात. फुफ्फीच्या आईने सांगितलं होतं की गावाच्या कबरस्तानापर्यंत मय्यत न्यायला माणसं उरली नव्हती. आमचं शेत जवळ. तेव्हा आमच्या परदादांनी कुंपणाची काटेरी झापं बाजूला सारली आणि सांगितलं, जो येईल त्याला इथे मिट्टी द्या. पिंजारी आले, अत्तार आले, जिनिंगवर कामाला आलेले आणि कुणालाच नाव माहीत नसलेले परदेशी आले. फुफ्फी म्हणते, अकरा. उत्तरेकडच्या बाजूला, दोन कोऱ्या दगडांच्या आसपास.

हे ऐकून मला एकीकडे अभिमान वाटला आणि दुसरीकडे लाज. कारण माझ्या लहानपणची एक गोष्ट मला पक्की आठवते. भर पावसाळा होता, नाल्याला पाणी होतं आणि गावातल्या एका पिंजारी घरचे लोक आमच्या दारात आले होते. त्यांचा म्हातारा गेला होता. गावाच्या कबरस्तानात जाता येत नाही, तुमच्यात जागा द्या, एवढंच म्हणणं. आमच्या वडीलधाऱ्यांनी बाहेर ओसरीवरच उत्तर दिलं: "वो खानदानी है." ते लोक काही न बोलता परत गेले. संध्याकाळी पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखलातून त्यांनी जनाजा नेला. मी खिडकीतून पाहिलं. आम्ही रोज पाच वेळा एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतो, आणि मातीत मात्र आम्हाला आडनाव लागतं. इस्लाममध्ये जात नाही हे वाक्य आम्ही फार सहज बोलतो. आमच्या कबरस्तानांची कुंपणं त्याची साक्ष देत नाहीत.

आता कायद्याचा भाग. मी वकील नाही, पण वाचलेलं सांगते. 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने सय्यद मोहम्मद सालिए लब्बई विरुद्ध मोहम्मद हनीफा या खटल्यात कबरस्तानाबद्दल काही तत्त्वं स्पष्ट केली. खाजगी किंवा घराण्याचं कबरस्तान तेच, ज्यात फक्त संस्थापक, त्याचं कुटुंब आणि वंशज यांच्याच कबरी आहेत. घराण्याच्या कबरस्तानातही एकदा बाहेरच्या लोकांना दफन करू दिलं, की ते खाजगी राहत नाही, सार्वजनिक होतं. आणि एकदा सार्वजनिक झालेलं कबरस्तान वारसांनी परत आपलं म्हणून विकायची सोय राहत नाही.

हे मी तीनदा वाचलं. आमच्या परदादांना न्यायालय ठाऊक नव्हतं, वक्फचा कायदा ठाऊक नव्हता. त्यांनी साथीत झापं बाजूला सारली, कारण दारात मय्यत होती. पण त्या एका कृतीने त्यांनी आपल्या कबरीला जे संरक्षण दिलं, ते कुंपण घालणाऱ्या कुणीच दिलं नाही. 'फक्त आमचं' म्हणून राखलेली जागा शेवटी आमच्यातल्याच बारा सह्यांनी विकली जाऊ शकते. सगळ्यांसाठी उघडलेली जागा बारा सह्यांच्या हातात राहत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: खानदानी कबरस्तान टिकवायचं असेल तर ते खानदानी ठेवू नका. उघडा, आणि लिहून ठेवा. दोन्ही करा. नुसतं उघडलं आणि लिहिलं नाही, तर आमच्यासारखं होतं. अकरा माणसांची साक्ष एका नव्वदीच्या बाईच्या आठवणीवर टांगून राहते. नुसतं लिहिलं आणि उघडलं नाही, तर कागदावर राहते ती मालकी, आणि मालकी विकता येते.

यावर मला आमच्याच लोकांकडून तीन आक्षेप ऐकायला मिळाले.

पहिला दीनचा. कबरीवर लिहिणं, बांधणं योग्य नाही, मग नोंदी कशाला? कबर पक्की करायला आणि तिच्यावर इमारत उभारायला हदीसमध्ये मनाई आहे, हे मलाही मान्य आहे. माझ्या अब्बांची कबर कच्चीच आहे आणि तशीच राहावी. पण हजरत उस्मान बिन मजऊन यांना दफन केल्यावर रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी स्वतः त्यांच्या डोक्याशी एक दगड ठेवला होता, तो कबर ओळखू यावी आणि घरचे लोक जवळ दफन करता यावेत म्हणून. शानशौकत वेगळी आणि ओळख वेगळी. कबर कच्ची ठेवायची असेल तर वही पक्की हवी. जिथे संगमरवर नाही, तिथे कागदाची गरज जास्त.

दुसरा आक्षेप भीतीचा. "कागद पे लाओगे तो हुकूमत ले जाएगी, नहीं तो बोर्ड ले जाएगा." या भीतीला कारणं नाहीत असं मी म्हणत नाही. पण काळ कुणाच्या बाजूने चालला आहे ते बघा. एप्रिल 2025 मध्ये वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली. केवळ दीर्घ वापरामुळे एखादी जागा वक्फ ठरते, ही तरतूद पुढच्या काळासाठी निघून गेली. ज्या आधीच नोंदलेल्या होत्या त्या राहिल्या, तेही वादात नसतील किंवा सरकारी जमीन नसेल तर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही कलमांना स्थगिती दिली, या तरतुदीला दिली नाही. जूनमध्ये उम्मीद पोर्टल सुरू झालं आणि नोंदलेल्या वक्फांचे तपशील भरायला सहा महिने मिळाले. त्याआधी 2023 मध्ये, तामिळनाडूतल्या सालेमच्या एका जुन्या कबरस्तानाच्या खटल्यात, पूर्वी इथे दफन होत असे एवढ्यावर भागत नाही, पुरावा लागतो, असाच निकालाचा सूर होता. म्हणजे "सगळ्यांना माहीत आहे" यावर उभं राहण्याचे दिवस संपले. या दुरुस्तीविषयी माझे आक्षेप आहेत आणि ते स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. पण कायदा आवडो न आवडो, ज्याच्याकडे कागद नाही तो दोन्ही परिस्थितींत हरतो.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक होता. तो माझ्या भावाचा. "आपा, मुर्दों की जमीन बचाओगी, जिंदों का कर्जा कौन भरेगा?" याला माझ्याकडे शेर-शायरीचं उत्तर नाही. मी त्याला हिशेब मांडून दाखवला. शेत विकायला माझा विरोध नाही. वीस आर वगळून बाकीचं विक. ते वीस आर लागवडीचे नाहीतच, आकारणी त्याच्यावर कधी नव्हतीच, गिऱ्हाईकालाही उद्या त्यात नांगर घालता येणार नाही. जी जमीन तुझी नाही तिचे पैसे घेऊ नकोस. जो फरक पडेल तो माझ्या वाट्यातून कमी कर. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मग एका शुक्रवारी जुम्म्यानंतर फोन आला: पोटहिश्शाच्या मोजणीचा अर्ज कसा लिहायचा, सांगतेस का?

अर्ज मी लिहिला, मराठीत. हक्कसोडीवर सही केली तेव्हा त्यात कबरस्तानाची जागा आणि तिथे जायची वाट वेगळी नमूद होती. काम पूर्ण झालेलं नाही. मोजणी झाली आहे, पुढच्या नोंदी व्हायच्या आहेत. काही नातेवाईक अजून नाराज आहेत. कबरस्तान सगळ्यांसाठी उघडण्याचा मुद्दा तर अजून अर्ध्या घरानेच मान्य केला आहे.

हे सगळं सांगण्याचं कारण, अशी अर्धा-एक एकराची कबरस्तानं विदर्भात गावोगाव आहेत. देशमुखांची, काजींची, इनामदारांची आणि आमच्यासारख्या साध्या कास्तकारांची. म्हणून वाचकांना काही कामं सांगते. सातबारा काढा आणि पोटखराबाचा वर्ग बघा. गावाचं सामाईक कबरस्तान सरकारी जमिनीवर असेल तर निस्तार पत्रक मागा. महसूल संहितेतलं हे निस्ताराचं प्रकरण खास विदर्भासाठी आहे. कबरस्तानाची वाट दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर वाजिब-उल-अर्ज बघा, त्यात गावातल्या वाटेच्या हक्कांची नोंद असते. नावावरूनच कळेल, या दस्तऐवजाला आपण परके नाही. दगडांचे फोटो काढा, वाचून घ्या. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ, शक्यतो बाईजवळ, एक वही घेऊन बसा. पुरुष कबरी दाखवतात, नाती बायकांना आठवतात.

मोडीसाठी शेजारच्या गुरुजींकडे जा, आणि त्यांच्याकडे उर्दूतला कागद असेल तर तो वाचून द्या. 2023 मध्ये मराठवाड्यात न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना निजामकाळातले उर्दू कागद आणि मोडी कागद दोन्ही उघडावे लागले. कित्येक मराठा घरांच्या आशा तेव्हा उर्दूत लिहिलेल्या एका ओळीवर होत्या. आमची साक्ष मोडीत निघाली. या मुलखाचं दप्तरच असं एकमेकांत गुंतलेलं आहे. एकमेकांकडे गेल्याशिवाय ते वाचता येत नाही.

माझ्या वहीत आज एकोणचाळीस नोंदी आहेत. डाव्या पानावर उर्दू, उजव्या पानावर मराठी. नाव, वडिलांचं किंवा शोहरचं नाव, साल ठाऊक असेल तर साल, कबरीची जागा, आणि कुणी सांगितलं. दादीच्या नोंदीपुढे 'कुणी सांगितलं' या रकान्यात शेजारच्या काकांचं नाव आहे. उत्तरेकडच्या अकरा जणांची नावं नाहीत, म्हणून तिथे मी फुफ्फीने सांगितलं तसंच लिहिलं आहे: मानमोडीच्या साली आलेले, 1918.

त्या पानावर पुढे जागा सोडली आहे. यंदा शब-ए-बरातला मी भावाला सांगितलं, त्या पिंजारी घरी जा आणि त्यांना एवढंच सांग की पावसाळ्यात आता नाला ओलांडायची गरज नाही. तो म्हणाला, "बोलूंगा." त्याने अजून सांगितलेलं नाही. मी पुन्हा विचारणार आहे.